नवा दात, जुनं विरजण

(संघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. बऱ्याच जणींनी लिहून मागितलं म्हणून इथे देत आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत. – क्षेत्र समन्वयक)



आज हिशेबाचा विषय नाही असं अध्यक्षताईंनी जाहीर केलं, पण मी सुरुवात हिशेबानेच करणार आहे. आपल्या एका गटाच्या ठराव वहीत एक नोंद आहे. कर्ज 30,000 रुपये, कारण 'दात बसवणे', व्याज महिना 2 टक्के, परतफेड 20 हप्त्यांत. महिन्याला 1,500 मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याला 600, दुसऱ्याला 570, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला 30. सगळं व्याज मिळवलं की 6,300 होतं. म्हणजे तो एक दात 36,300 रुपयांना पडला. आणि दोन हप्ते बाकी होते तेव्हा तो दात, आतल्या स्क्रूसकट, काढून टाकावा लागला.

ज्या मावशीचा तो दात, ती आज इथे तुमच्यातच बसली आहे. "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग," असं तिनेच मला सांगितलंय. त्यामुळे मान वळवून बघू नका.

मावशी सफाळ्याच्या बाजूची. पहाटेच्या गाडीने बोरिवलीला भाजी घेऊन जाते, तुमच्यातल्या निम्म्या जणी जातात तशीच. मागच्या दोन दाढा आधीच गेल्या होत्या, त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग वरचा समोरचा दात हलायला लागला आणि एक दिवस भाकरीत आला. तेव्हापासून गिऱ्हाइकाशी बोलताना पदर तोंडावर. भाव करताना आवाज चढवायची तर तोंड उघडावं लागतं, म्हणून भावही कमी सांगायला लागली. हे तिने मला गाडीत सांगितलं होतं, हसत हसत. स्टेशनबाहेरच्या एका दवाखान्यात विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हाडात स्क्रू बसवू, त्यावर दात, आयुष्यभराची काळजी मिटली.

कर्जाच्या अर्जाखाली समन्वयक म्हणून शिफारस माझी होती. मी काय काय विचारलं? हप्ता कसा भरणार, पावसाळ्यात धंदा बसला तर काय, घरी कोण कमावतं. सगळं नियमाप्रमाणे. तोंडात बाकी दातांची काय स्थिती आहे, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. समाजकार्याची पदवी घेतली, पण दात कशाने पडला हा साधा प्रश्न सुचला नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

स्क्रू बसवला, चार महिन्यांनी वर दात चढला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशी इतकी हसली की तिच्या सुनेने फोटो काढून ठेवले. पुढे काही महिन्यांत त्या दाताच्या कडेची हिरडी लाल आणि फुगलेली दिसायला लागली. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं समजून मावशी गप्प राहिली. मग तोंडाला वास यायला लागला, बोटाने दाबलं की पू यायचा. मी तिच्याबरोबर दातांच्या मोठ्या रुग्णालयात गेले तेव्हा हिरडीखालून स्क्रूचे आटे दिसत होते. तिथल्या डॉक्टर मुलीने एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. स्क्रूभोवतीचं हाड बशीसारखं खोल झिजलं होतं. मावशीने विचारलं, "स्क्रू खोटा निघाला का?" ती म्हणाली, "स्क्रू चांगला आहे मावशी. त्याला शेजार वाईट मिळाला."

शेजार म्हणजे मावशीचेच बाकीचे दात.

हे नीट समजून घेऊ. आपल्या सगळ्यांच्या तोंडात जिवाणू असतात. सातशेच्या आसपास जाती माणसाच्या तोंडात नोंदल्या गेल्या आहेत. प्रत्येकीच्या तोंडात सगळ्या नसतात, आणि असतात त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. ते पहिल्यांदा पाहिले एका कापडवाल्याने, बरं का. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लीवेनहुक. कापड विकायचा, आणि फावल्या वेळात भिंगं घासायचा. 1683 साली त्याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा मळ काडीने काढून भिंगाखाली धरला, तर त्यात बारीक जीव हलताना दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्र लिहून कळवलं. तो पांढरा मळ म्हणजे सकाळी नखाने दात खरवडला की येतो तोच चिकट थर. तो थर रोज निघाला नाही की कडक होतो, त्याला आपण कीट म्हणतो. कीट साचलं की हिरडी सुजते, सैल होते, दातापासून सुटते, आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो.

खिसा हा शब्द डॉक्टरांचाच आहे. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. रोग झाला की पाच, सहा, आठ होते. पाच मिलिमीटर म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढी. एवढ्याशा खोलीत काय राहणार असं वाटेल. पण तिथे ब्रश पोचत नाही, चूळ पोचत नाही, आणि हवाही पोचत नाही. कणगीच्या तळाला दमट कोपऱ्यात जे होतं ते तिथे होतं. हवा नको असणारे, वाईट जातीचे जिवाणू तिथे मुक्काम करतात. हिरडी लाल होते, रक्त येतं, आतलं हाड हळूहळू विरघळतं आणि एक दिवस दात भाकरीत येतो. मावशीचा दात किडून पडला नव्हता. असाच हाड गेल्यामुळे पडला होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या दातांभोवती तसेच खिसे होते.

आता तुम्ही दही लावता तेव्हा काय करता? भांडं घासून पुसून कोरं करता, दूध नवं, पण विरजण जुन्या दह्यातलंच घालता. विरजण आंबट असेल तर नव्या भांड्यातलं दहीही आंबट लागतं. भांड्याचा दोष काही नसतो. नवा स्क्रू हे ते कोरं भांडं. डॉक्टरांनी पाकिटातून काढला तेव्हा त्यावर एकही जिवाणू नव्हता. तोंडात गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच जिवाणू त्याला चिकटायला लागतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. आणि वरचा भाग हिरडीतून बाहेर आला की आठवडा-दोन आठवड्यांत त्याच्याभोवती जी वस्ती बसते ती शेजारच्या दातांच्या वस्तीसारखीच असते. लाळेतून, जिभेवरून, शेजारच्या खिशातून विरजण लागतं. शेजार निरोगी तर वस्ती साधी. शेजारी खिसे तर तेच खिशातले जीव नव्या घरी राहायला येतात.

ही गोष्ट डॉक्टरांनाही एकदम कळली नव्हती. हाडात स्क्रू बसवायची पद्धत स्वीडनमधली. ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर 1952 च्या सुमाराला सशाच्या हाडात टायटॅनियम धातूची छोटी नळकांडी बसवून हाड कसं भरून येतं ते बघत होते. अभ्यास संपल्यावर नळकांडी काढायला गेले तर निघेना. हाडाने धातूला आपलं मानून घट्ट धरलं होतं. त्यावरून त्यांना दाताची कल्पना सुचली. 1965 साली गोटेबोर्ग शहरात योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी चार स्क्रू बसवले. लार्सन 2006 साली वारले तोपर्यंत ते स्क्रू टिकले. चाळीस वर्षं! दवाखान्याच्या भिंतीवर 'आयुष्यभर' असं लिहिलेलं असतं ते अशा उदाहरणांवरून.

पण सुरुवातीची ही बरीच माणसं पूर्ण बोळकी होती. त्या जबड्यात एकही दात उरला नव्हता, म्हणजे शेजारही नव्हता आणि खिसेही नव्हते. पुढे ही सोय ज्यांचे एक-दोन दातच गेलेत अशांनाही मिळायला लागली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. बेल्जियममधले डॉक्टर क्विरिनेन आणि त्यांचे सहकारी लिस्टगार्टन यांनी 1990 साली दातांचा आणि स्क्रूंचा मळ भिंगाखाली तपासला. ज्यांच्या तोंडात काही दात उरले होते त्यांच्या स्क्रूभोवती वळवळणारे, हिरडीच्या रोगात सापडतात तसे जीव जास्त होते. पूर्ण बोळक्या माणसांच्या स्क्रूभोवती ते कमी. कॅनडातल्या डॉक्टरांनाही त्याच सुमाराला असंच दिसलं होतं. उरलेले दात हे कोठार आहे, हा विचार तेव्हापासून पक्का होत गेला.

इथपर्यंत बोलले तेव्हा सभेत एक आजी लगेच म्हणाल्या, "मग सगळेच काढून टाकू. डोक्याला ताप नको." बऱ्याच जणी हसल्या, पण मला माहीत आहे की आपल्याकडे असं खरंच करतात. मुलगा घेऊन जातो, एका दमात आठ-दहा दात काढतात, कवळी बसवतात. म्हणून हे नीट ऐका. सगळे दात काढले तरी ते वाईट जीव तोंडातून पूर्ण जात नाहीत. नंतरच्या बारीक तपासण्यांत ते बोळक्या तोंडातही सापडले आहेत, जिभेवर, लाळेत, कमी संख्येने का होईना. आणि ज्या दाताची हिरडी दुरुस्त होऊ शकते तो दात काढणं म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर मोडणं. आपला दात हा आपलाच चांगला. हाडात तो दोऱ्यांच्या झोळीत बसलेला असतो, त्याला दाब कळतो. खडा चावला की आपण दचकतो ते त्या दोऱ्यांमुळे. स्क्रूला त्या दोऱ्या नसतात. तो थेट हाडाला चिकटलेला.

मावशीला दुखलं नाही याचं एक कारण हेही. शिवाय खऱ्या दाताभोवती हिरडीचे धागे दातात आडवे रुतलेले असतात, शिवणीसारखे. स्क्रूभोवती ते नुसते कडेने गुंडाळलेले, पोलक्याच्या बाहीसारखे. म्हणून कडेने काही आत शिरलं की त्याला अडवायला कमी असतं, आणि हाडापर्यंत आजार लवकर जातो.

यातली एक दिलासा देणारी गोष्ट मला डॉक्टर मुलीकडून कळली. आधी नुसती हिरडी सुजते, रक्त येतं, हाड शाबूत असतं. त्या वेळी गेलात, सफाई झाली, घरी घासणं सुधारलं, तर ते बहुतेक वेळा पूर्ववत होतं. हाड झिजायला लागलं की मग कठीण. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. मावशी हिरडी लाल झाली त्या महिन्यात गेली असती तर कदाचित आज तो दात तोंडात असता. आणि बसवायच्या आधीच बाकी दातांचे खिसे साफ झाले असते तर तो लाल रंगही कदाचित दिसला नसता.

आता मिश्रीबद्दल. मला ठाऊक आहे, मी 'मि' म्हटलं की अर्ध्या जणी खाली बघतात. खाली बघू नका. माझी आजी लावायची. पहाटे चारला चुलीजवळ बसून, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास अजून माझ्या नाकात आहे. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ठणकणारा दात थांबतो, गाडीची वाट बघताना झोप उडते, हे सगळं मी ऐकलेलं आहे. त्यात खोटं असं काही नाही, कारण तंबाखूची सवय लागलेल्या शरीराला तंबाखू मिळाली की बरं वाटतंच. 2016-17 च्या सरकारी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात शंभरातल्या साधारण सतरा बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात 1992 सालापासून बंदी आहे. म्हणजे दात घासायला तंबाखू वापरू नये हे सरकारने तेव्हाच ठरवलं. घरच्या तव्याला मात्र कायदा पोचत नाही.

दातांच्या बाजूने सांगते. मिश्रीने दात घासले जात नाहीत, बोट फिरतं फक्त. फटीतला थर तसाच राहतो. जिथे रोज मिश्री लागते तिथली हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कर्करोगाचं भय आहेच, ते तुम्ही आरोग्य सेविकेकडून ऐकलेलं आहे. आणि एक फसवी गोष्ट अशी की तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजारी हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं. बाई म्हणते, मिश्री लावल्यापासून रक्त थांबलं. रक्त थांबलं, पण आतला आजार थांबला असेलच असं नाही. ज्यांच्या घरात पुरुष बिडी-सिगारेट ओढतात त्यांनीही हे घरी सांगा. स्क्रूचा दात बिडी ओढणाऱ्याच्या तोंडात जास्त वेळा फसतो. राखुंडीचंही तसंच, चरचरीत असते, दात पांढरे दिसतात, पण मूळ घासलं जातं आणि फट तशीच.

मावशीला साखरही होती. दोन वर्षं तिने तपासलीच नव्हती. रक्तातली साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार जोर धरतो आणि जखम भरायला वेळ लागतो. आपल्या आरोग्य केंद्रात साखर तपासून मिळते. दाताचं कुठलंही मोठं काम काढायच्या आधी ती तपासून घ्या, आणि ज्यांना औषध चालू आहे त्यांनी ते डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं धरून चालू नका.

मग स्क्रूचा दात बसवूच नये का? बसवावा की. मावशीला समोरचा दात हवा होता, त्यात चैन काही नव्हती, तो तिच्या धंद्याचा भाग होता. ज्या बायका मुलुंड-घाटकोपरला घरकामाला जातात, अंधेरीला दुकानात उभ्या राहतात, त्यांच्याही चेहऱ्याची हीच गोष्ट आहे. बाईने हसताना पदर का धरावा? मी फक्त क्रम सांगते आहे. आधी तोंडातल्या सगळ्या दातांची तपासणी. डॉक्टरांकडे खुणा केलेली बारीक सळई असते, ती हिरडीत घालून प्रत्येक दाताचा खिसा मोजतात. त्यांनी मोजलं का, किती भरलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मग कीट काढणं, गरज असेल तिथे मुळापर्यंत सफाई, जो दात वाचणारच नाही तो काढणं. दीड-दोन महिने, कधी तीन महिने थांबून पुन्हा मोजणं. खिसे उथळ झाले, रक्त येणं थांबलं, की मग स्क्रूचं बोला. पाच मिलिमीटरच्या वरचे खिसे तसेच ठेवून स्क्रू बसवला तर तो आजारी पडायचा धोका वाढतो.

जे डॉक्टर पहिल्याच दिवशी तोंड न मोजता स्क्रूची तारीख देतात, त्यांना नम्रपणे नमस्कार करून बाहेर या. सवलत आजच संपते आहे असं सांगितलं तर जरा जास्तच नमस्कार करून या.

कुठे जायचं? बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, या सगळ्या स्टेशनांबाहेर दातांचे दवाखाने पुष्कळ आहेत आणि त्यात चांगले डॉक्टरही पुष्कळ आहेत. पण खर्चाचा विचार करून सांगते, मुंबईत दातांची दोन मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. एक महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, मुंबई सेंट्रलला. पश्चिमेच्या गाडीने येणाऱ्यांनी बोरिवलीहून फास्ट लोकल पकडली की ती मुंबई सेंट्रलला थांबते. दुसरं शासकीय दंत महाविद्यालय, सीएसएमटी स्टेशनजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. मुलुंड-घाटकोपरकडच्यांना ते सोयीचं. दोन्हीकडे शिकणारे डॉक्टर असतात, शिकवणारे त्यांच्या मागे उभे असतात. रांग असते, वेळ लागतो, दोन-तीन खेपा होतात. एका दिवसाची भाजी बुडते, हे मला कळतं. पण हिरडीची तपासणी आणि सफाई आधी तिथे करून घेतली तर पुढे दात कुठेही बसवा, शेजार तरी चांगला मिळेल. आणि स्क्रू परवडत नसेल तर काढता-घालता येणारी छोटी कवळी असते, शेजारच्या दातांना धरून बसवायचा ब्रिज असतो. त्यांनाही स्वच्छ शेजार लागतोच.

घासण्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळ्या खर्चात स्वस्त तेच आहे. तुम्ही पहाटे तीनला उठता, गाडी चुकायला नको म्हणून सकाळचं घासणं हे नुसतं तोंड खंगाळणं असतं. ठीक आहे. रात्रीचं चुकवू नका. रात्री लाळ कमी सुटते, जिवाणूंना रान मोकळं मिळतं. जेवण झालं, भांडी झाली, की दोन मिनिटं मऊ ब्रशने, हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या कडेवर. जोर नको, आपण कढई घासत नाही आहोत. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण काडीएवढा छोटा ब्रश मिळतो, औषधाच्या दुकानात. स्क्रूचा दात असेल तर तो लागतोच, नुसत्या मोठ्या ब्रशने भागत नाही. ब्रश प्रत्येकीचा वेगळा. एका घरात चौघांना एक ब्रश, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ते आजपासून बंद. आणि स्क्रू बसवलेल्या प्रत्येकीने तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं, दुखो वा न दुखो. स्क्रू हलायला लागला की जाईन, असं म्हणू नका. हलणं ही फार उशिराची खूण आहे. आधी येतं रक्त, लाली, फुगवटा, मग वास, पू.

आता संघाने काय ठरवलं ते. गेल्या महिन्यात मावशीच्या गटाने विचारलं होतं की उरलेले दोन हप्ते माफ करता येतील का. गटात बरीच चर्चा झाली. शेवटी मावशीनेच नको म्हटलं. म्हणाली, "पैसे गटातल्या बायकांचे आहेत. दात माझा होता." हप्ते तिने भरले. त्याच बैठकीत तिने मागणी केली की दातासाठी कर्ज मागणाऱ्या बाईच्या अर्जाला एक कागद जोडावा. आता तो कागद तयार आहे. त्यावर डॉक्टरांनी हिरडीची तपासणी केल्याची तारीख, सफाई झाल्याची तारीख, साखरेची तपासणी, आणि पुढच्या देखभालीचा वर्षाचा अंदाजे खर्च, एवढंच भरायचं. देखभालीचा खर्च कर्जाच्या रकमेत धरायचा, नाहीतर दात येतो आणि त्याला सांभाळायला पैसे उरत नाहीत. हा कागद कर्ज अडवायला नाही, हे मी लिहूनच दिलंय. ज्या बाईकडे तपासणीला जायचे पैसे नसतील तिला गटाने आधी प्रवासाचे पाचशे रुपये बिनव्याजी द्यावेत असं संघाने सुचवलंय. गटांनी आपापल्या बैठकीत ठराव करून कळवायचं आहे. सहा गटांचे आले आहेत.

मावशीच्या तोंडाची सफाई तीन बैठकींत झाली. दोन दात वाचत नव्हते ते काढले, बाकीच्यांचे खिसे उथळ व्हायला लागलेत. समोर तिला सध्या काढता-घालता येणारा एक दात दिलाय. मिश्री सुटलेली नाही, दिवसाला चार वेळांवरून एकावर आली आहे, आणि ती एक वेळ पहाटेच्या गाडीची आहे असं ती म्हणते. डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार आहेत.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपला ब्रश घेऊन या. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवाकडे नाव सांगा, संघ ठोक भावात आणणार आहे. मावशी पहिल्या रांगेत बसून दात कसे घासायचे ते दाखवणार आहे. पदराशिवाय.